शून्य मिलिमीटर भांडुप

एक्सेलमधल्या ‘#एन/ए’ला लोक उगाच घाबरतात. अख्ख्या तक्त्यात खरं बोलणारा तोच एक. ‘शोधलं, मिळालं नाही’, एवढंच तो सांगतो. पण साहेबांना रंगीत चौकोनांत असला प्रामाणिकपणा खपत नाही. मग ‘इफएरर’ला बोलावतात. २००७च्या आवृत्तीत आलेलं हे फंक्शन कुठलीही चूक गिळून तिथे सांगाल ते ठेवतं. आणि आपण सांगतो, शून्य.

२६ जुलै २००५चा पाऊस घ्या. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७४. सरासरी ५०९. आता समजा यादीत तिसरं नाव भांडुप आहे आणि त्याचा आकडा सापडत नाही. एका तक्त्यात ‘भांडुप’, दुसऱ्यात ‘भांडूप’. किंवा नावामागे फुकटची एक स्पेस पडलेली. रकाना रिकामा ठेवलात तर सरासरी तीच राहते. ‘#एन/ए’ राहू दिलंत तर सरासरीही ‘#एन/ए’ म्हणत संपावर जाते. शून्य घातलंत की ३३९! आणि भांडुप कोरडंठाक. डोंगरउतारावरची घरं दर पावसाळा जीव मुठीत धरून काढतात, ते भांडुप कागदावर पापड वाळवतंय.

बरं, हरवलेला आकडा आणि फसलेलं सूत्र यांतला फरक इफएररला कळत नाही. २०१३ साली आलेलं ‘इफएनए’ फक्त ‘#एन/ए’लाच हात लावतं, बाकीच्या चुका दिसू देतं. म्हणूनच बहुधा ते कुणी वापरत नाही. चुका दिसल्या तर सोडवाव्या लागतात, आणि अहवाल पाचच्या आत द्यायचा असतो.