सेनापतीपेक्षा कारकून मोठा

अमेरिकेच्या रिचर्ड बर्ग यांनी रचलेला ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा १९७९चा पटावरचा युद्धखेळ पाच-पाच जणांच्या दोन फळ्यांनी खेळायचा. पूर्ण डाव अंदाजे १,५०० तासांचा. त्यातला बराचसा वेळ तोफा डागण्यात नव्हे, तक्ते भरण्यात जातो. कोणत्या तुकडीकडे पेट्रोल किती, उन्हात किती उडाले, आणि इटालियन पलटणींना पास्ता उकडायला जादा पाणी पोचले का, हे सगळे पेन्सिलीने, खाडाखोड करत. (पास्त्यात मीठ किती, हे तेवढे खेळाडूंच्या मर्जीवर सोडले आहे.)

खेळात मजा हवी, हिशेब कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण हा खेळ ज्यावर बेतला आहे त्या दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये इजिप्तमधल्या आलम हाल्फाहून जर्मन सेनापती रोमेल मागे फिरला त्यात पेट्रोलच्या टंचाईचा वाटा मोठा होता. शौर्याचा साठा मुबलक होता. म्हणजे खरा डाव वहीतच चालतो. मग ही हमाली संगणकावर टाका, असे कुणी सुचवेल. जरूर टाका, फक्त रणगाडे वाळवंटात अडले की शिव्या कुणाला घालायच्या, तेही ठरवून ठेवा. सध्या त्यासाठी प्रत्येक फळीत पुरवठ्याचा स्वतंत्र खेळाडू नेमलेला असतो.