आक्कांची दाढ

वेल्ह्याकडच्या आमच्या आक्कांची उजवीकडची दाढ दुखते हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे, फक्त दातांच्या डॉक्टरला ठाऊक नाही. दाढ काढायची हे केव्हाच ठरलंय. पण रोहिणी निघाली की भाताची रोपं टाकायची असतात. मग लावणी, लावणीनंतर गौरी-गणपती, मग कापणी-झोडणी, आणि लगीनसराईत तोंड सुजवून कोण हिंडणार? वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं मंत्रिमंडळानं २०२४ साली ठरवून टाकलं. आक्कांच्या दाढेची फाइल अजून फिरतेच आहे.

दुसऱ्यांच्या दातांच्या बाबतीत मात्र बाई तत्पर. नातवाच्या दातावर काळा ठिपका दिसला की त्याच दिवशी एसटी. मालकांची कवळी टोचते म्हटल्यावर नसरापूरला जाऊन घासून आणली. बाजारात बैल घ्यायचा तर आक्का आधी त्याचा जबडा उघडणार, दोन दाती की जुळलेला ते बघणार आणि मगच भाव विचारणार. आक्कांचा जबडा उघडून बघायची छाती घरात कुणाचीच नाही.

दाढ ठणकली तर लवंग, आणि लवंगेनं भागलं नाही तर मिश्री. तशी ती न ठणकताही लागतेच. तंबाखू तव्यावर टाकली की आधी मांजर बाहेर जातं, मग मालक, मग खोकत खोकत बाकीचे. पान काळंठिक्कर झालं की चुरायचं, चाळायचं आणि डबीत भरायचं. गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण हा कारखाना चुलीवरचा. इथं छापा घालणार कोण?

सकाळी धारा काढून झाल्या की आक्का ओट्यावर बसतात आणि तर्जनी दातांवरून फिरू लागते. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलणं बंद. सगळा कारभार ‘ऊं’वर. आखूड ‘ऊं’ म्हणजे हो. लांब ‘ऊंऽऽ’ म्हणजे कोंबडी आत शिरली. भुवई चढवून ‘ऊं?’ म्हणजे तुझे हात मोडलेत का? त्या अर्ध्या तासात आक्कांना कुणी चहा मागत नाही, पाणी तापवायला सांगत नाही, हरवलेला चष्मा विचारत नाही. तोंडात मिश्री असलेल्या बाईला काम सांगायचं नसतं, हा घरचा कायदा. सरकारी नोकराला किरकोळ रजा असते, आक्कांना मिश्री आहे. आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या घोषणांना हे कळलेलं दिसत नाही.

मग सुनेला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ‘‘पोर दातातला चुना वढतंय,’’ आक्कांनी निदान केलं. ‘‘माझ्या दर बाळंतपणाला एकेक दाढ गेली.’’ आशाताईंनी मात्र दात दाखवून घ्यायचा लकडा लावला. मग मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ करत दोघी भोरला पोचल्या.

डॉक्टरीणबाईंनी चुन्याचा सिद्धांत पहिल्या पाच मिनिटांत निकालात काढला. बाळ आईच्या दातातलं काही नेत नाही. या दिवसांत अंगातले रस बदलतात, म्हणून हिरड्या फुगतात आणि घासताना रक्त येतं. रक्त आलं म्हणून घासणं सोडलं तर दुखणं वाढतं. उलटीनंतर लगेच ब्रश नको, आंबट पाण्यानं दात मऊ झालेले असतात. चूळ भरून अर्धा तास थांबायचं. काही उपचार लागलेच तर मधले तीन महिने सोयीचे. आणि बाळाला भरवायचा चमचा आधी स्वतः चाटून बघायचा नाही, कीड करणारे जंतू तसेच त्याच्या तोंडात जातात.

हे ऐकून आक्का जरा चुळबुळल्या. नातवाचा प्रत्येक घास त्यांनीच चाखून गरम-गार ठरवला होता.

‘‘आता तुम्ही तोंड उघडा, आक्का.’’

‘‘माझं न्हाई, सुनंचं दाखवायला आलोय.’’

‘‘बघू तरी.’’

उघडलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आक्काच बोलल्या, ‘‘बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात झालीय. दाढ बी अर्ध्यात काढा.’’

दाढ निघाली. पैसे पुरते द्यावे लागले, याचा राग अजून आहे. मिश्री बंद करा, त्यानं हिरड्या सुटतात, तोंडाचा कर्करोग होतो, आणि सुनेला तर ती चुकूनही देऊ नका, बाळाचं वजन कमी भरतं, असंही बजावून झालं. आक्कांनी सुनेसाठी ते तिथल्या तिथं मान्य केलं. स्वतःसाठी मात्र त्या पार कापूरहोळपर्यंत गप्प होत्या.

आता ओट्यावर ब्रश असतो. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं सांगितलीत, हलक्या हातानं. हात हलकाच असतो. मिनिटांचं आक्कांनी मनावर घेतलेलं नाही. पेस्टची नळी आठवडाभर पुरत नाही म्हणून थोरला कुरकुरतो. परवापासून सूनही ब्रश घेऊन शेजारी बसायला लागलीय. मालकांनी आतून चहाचं विचारलं, तर ओट्यावरून दोन ‘ऊंऽऽ’ एकदम आले आणि स्टोव्ह कुठं ठेवलाय हे मालकांना आयुष्यात पहिल्यांदा शोधावं लागलं.