संगीत टँकरहरण

आमच्या गावात लोक अपमान करून घ्यायला नंबर लावतात. आधी पाण्याच्या नंबरवरून भांडायचे, ते दिवस सरले; आता भांडण असतं ते गणपतीतल्या नाटकात कुणाला किती शिव्या बसल्या यावर.

याची सुरुवात २०१६ची. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं. शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडीचं नाव काय, तर ‘जलदूत’! कालिदासाच्या यक्षानं ढगाला निरोप्या केलं, रेल्वेनं थेट इंजिनालाच केलं. सरकारी खातं एवढं फर्मास विडंबन करतंय म्हटल्यावर आम्ही नुसतं बघत बसणं बरं दिसलं नसतं. आमच्या, कळंब तालुक्यातल्या, नशिबी रेल्वे नव्हती; टँकर होता. तो यायचा, पाणी आडात ओतायचा आणि ते आम्ही पोहऱ्यानं पुन्हा वर काढायचो. वर आलेलं पाणी खाली घालून पुन्हा वर काढण्याच्या या पद्धतीत काहीतरी गहन वेदान्त असावा, पण नंबर पुढं सरकत असताना तो सुचत नाही.

पोळा जवळ आला तशी मंडळाची पोरं माझ्याकडं आली. दरवर्षीचा वग ठरलेला असतो: राजा, प्रधान, कोतवाल आणि मधेच येणारी मावशी. “गुरुजी,” अध्यक्ष म्हणाला, “अवंदा राजाबिजा नको. पाण्यावर लिवा. पण रडगाणं करू नका. महालक्ष्म्यांना पोरी माहेरी आलेल्या असतात.” (पुण्याकडं ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्याकडं महालक्ष्म्या.)

मी ‘संगीत सौभद्र’ उचललं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८२मध्ये रंगभूमीवर आणलं. बलरामाला बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायचीय, अर्जुन संन्याशाच्या वेषात येऊन बसतो, कृष्ण आतून फितूर आणि ऐन रात्री घटोत्कच तिला उचलून नेतो. टँकरच्या बाबतीत आमच्याकडं नेमकं हेच चाललं होतं. फक्त सुभद्रेच्या जागी पाणी घालायचं. बलराम म्हणजे टँकर समितीचा प्रमुख. दुर्योधन म्हणजे वरच्या आळीतला बागायतदार. अर्जुन खालच्या वस्तीचा, हातात गांडीवाऐवजी कळशी. घटोत्कच म्हणजे ट्रॅक्टर.

भजनी मंडळाच्या बुवांनी चालींना हरकत घेतली. नाटकाच्या पदांना भजनाची, आराधी गाण्याची, मधेच सिनेमाची चाल कशी चालेल? मी त्यांना सांगितलं की अण्णासाहेबांनीही कानडी चाली उचलल्या, साक्या-दिंड्या घेतल्या. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ बघून घरी आले आणि ३१ ऑक्टोबर १८८०ला, दिवाळीच्या तोंडावर, ‘शाकुंतल’ उभं केलं. आज ज्याला आपण अस्सल मराठी म्हणून शाल पांघरतो, ते जन्मताना चांगलंच भेसळीचं होतं. बुवांना पारशी पटले नाहीत, पण सणाचा मुहूर्त पटला. त्यांनी पेटी काढली.

खरी अडचण सुभद्रेची. पूर्वी पुरुष स्त्रीपार्ट करत, पण आमच्या पोरांना मिशा प्राणाहून प्रिय. गावातली एकही मुलगी दुर्योधनाची होणारी बायको व्हायला तयार नव्हती, कारण दुर्योधन करणारा सगळ्यांना माहीत होता. शेवटी अध्यक्षालाच युक्ती सुचली. सुभद्रा म्हणजे पाणी, मग पाण्याची टाकीच उभी करू! पाचशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी आणली, तिला हिरवं नऊवारी नेसवलं, झाकणावर मुंडावळ्या बांधल्या आणि तोटीला नथ अडकवली. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या मंडळाला इतकी शांत, सोशिक आणि तालमीला वेळेवर येणारी नायिका मिळालेली नाही. पद म्हणायचं ते बुवांनी, टाकीच्या मागं बसून. टाकीत घुमून आवाज असा यायचा की म्हातारी माणसं हात जोडायची.

रथ ओढायला घोडे कुठून आणणार? दोन उस्मानाबादी शेळ्या जुंपायचं ठरलं. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे, तिला कुणी विचारलेलं नाही. काळीभोर, तरतरीत, एका वेताला जुळी देणारी आणि दुष्काळात समोर येईल ते खाऊन जगणारी म्हणून तिची ख्याती. या शेवटच्या गुणाचा आम्ही पुरेसा विचार केला नव्हता.

मधल्या दिवसांत आभाळाकडं बघून सगळ्यांची मोठी पंचाईत व्हायची. नट झाले तरी सगळे शेतकरी. सोयाबीनला पाऊस हवा, तालमीला उघडीप हवी. एके संध्याकाळी ढग भरून आले तेव्हा आमचा कृष्ण मंचावरून म्हणाला, “पड की रे बाबा!” आणि लगेच जीभ चावून, “न्हाई म्हंजे, खेळ झाल्यावर.” दुष्काळावरचं नाटक पावसात वाहून गेलं असतं तरी कुणाला वाईट वाटलं नसतं. तरी डोक्यावर ताडपत्री बांधलीच.

महालक्ष्म्या जेवल्या त्या रात्री खेळ. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून, फाळके पाडून मंच केलेला. पुढं पुरणपोळीनं जड झालेलं गाव. मी लेखक, दिग्दर्शक आणि वही घेऊन विंगेत उभा राहणारा. गण झाला, गवळण झाली. मग टाकी आली. बुवा मागून गाऊ लागले:

भरून निघाले तळ्यावरून, पोचले अर्धी कशी?
रस्त्यात कुणाचा ऊस हिरवा, पुसा डायवरपाशी!

टाळ्या थांबेनात. कुणाचा ऊस, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तो ऊसवाला पुढच्याच रांगेत, पान खात बसलेला. तो उठला. माझ्या पोटात गोळा आला. तो सरळ मंचाशी आला, शंभराची नोट काढली आणि सूत्रधाराला म्हणाला, “ह्या पदाला बक्षीस. नाव नीट घे, वडलांच्या नावासकट.” सूत्रधारानं माइकवरून घेतलं. वडिलांच्या नावासकट. ‘कुणाचा ऊस’ या प्रश्नाचं उत्तर असं अधिकृतपणे जाहीर झालं.

मग अर्जुनाचा प्रवेश. रथातून उतरलेला संन्यासी, अंबाडीच्या वाकाची छातीपर्यंत दाढी. तो डोळे मिटून वैराग्याचं पद आळवतोय आणि डावीकडची शेळी दाढी खातेय. तो वरच्या पट्टीत गेला की तिलाही जोर यायचा. पद संपलं तेव्हा संन्याशाचा संन्यास सुटलेला आणि गुळगुळीत हनुवटीचा अर्जुन उघडा पडलेला. लोकांनी वन्समोर दिला. आता वन्समोर घेणार कसा, दाढीच शिल्लक नाही! तेव्हा एका आजीबाईनं हाताशी होती ती कणसाची केसरं दिली, ती चिकटवली आणि शेळीनं दुसऱ्यांदा, पहिल्याहून अधिक भावपूर्ण, काम केलं.

टँकरहरण मात्र अपेक्षेइतकं रंगलं नाही. घटोत्कच चालू व्हायला वेळ लागला, धूर झाला, शेवटी चौघांनी टाकी हातानंच पळवली. टाळ्या बेताच्याच.

मध्यंतरात चिठ्ठ्या आल्या. मला वाटलं तक्रारी. होत्याच, पण वेगळ्या. एक चिठ्ठी: “बलरामाच्या मागं समितीचे आणखी सभासद होते. त्यांचा उल्लेख नाही. का?” दुसरी: “खेपांच्या वहीवर खोटी सही आम्हीपण केली होती, कळावे.” तिसऱ्या चिठ्ठीत नुसतंच नाव आणि खाली दोन रेघा. दुसऱ्या अंकात ही सगळी नावं कुठं कोंबायची या विचारानं मी हैराण. शेवटी कृष्णाला सांगितलं की गीता सांगताना ‘मीच तो’ म्हणायचं आणि एकेक नाव घ्यायचं. भगवंतानं बावीस माणसं स्वतःत सामावून घेतली. ज्यांची राहिली ते आरतीला थांबले नाहीत.

खेळ झाला आणि पुढं महिनाअखेरीस असा पाऊस झाला की मांजरा भरलं. नाटकाचा विषय बुडाला. पुढल्या एप्रिलमध्ये, २०१७ला, जिल्ह्याच्या गावी ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं, जयंत सावरकर अध्यक्ष. आमची फौज काळ्या-पिवळ्या जीपनं गेली. घटोत्कच जो भेटेल त्याला सांगायचा की मीपण नट आहे, आणि मोबाइलवर ट्रॅक्टरचा फोटो दाखवायचा. परत येताना सगळ्यांचं एकमत झालं की मोठ्या लोकांची नाटकं चांगली असतात, पण त्यांत ओळखीचं कुणी नसतं.

त्या उन्हाळ्यापासूनच माझ्या घरी माणसं यायला लागली. हातात भाजी, नाहीतर खव्याचा पुडा. इकडचं तिकडचं बोलायचं, मग हळूच: “मग गुरुजी, औंदा काय लिवायलाव?” एका पतसंस्थेचे चेअरमन तर तीनदा चहाला थांबले. ठेवीदार त्यांना गावभर शोधत होते आणि ते माझ्या ओसरीवर निवांत. शेवटी मीच विचारलं, “साहेब, काही काम होतं का?”

ते जरा लाजले. “तुम्ही अवंदा कंसाचं करायलाव म्हणं. आपलं काय म्हणणं नाही. काय घालायचं ते घाला, समदं खरंच हाय. फकस्त,” त्यांनी आवाज खाली आणला, “कंसाला एक गाणं पायजे.”