केपटाऊनचं ‘जस्ट नाऊ’

दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या माणसाला व्हिसा, रँडचा भाव आणि सिंहांच्या जेवणाच्या वेळा सगळे सांगतात. ‘जस्ट नाऊ’ या दोन शब्दांबद्दल मात्र कोणी सावध करत नाही. वास्तविक सिंहापेक्षा प्रवाशाची गाठ त्यांच्याशीच जास्त पडते.

केपटाऊनला आम्ही उतरलो त्या घरात गरम पाणी येत नव्हतं. घरमालकीणबाई प्रसन्न हसून म्हणाल्या, “प्लंबर जस्ट नाऊ येतोय.” जस्ट नाऊ म्हणजे आत्ताच, असं आम्ही शाळेत शिकलेलो. त्या भरवशावर सौभाग्यवती टॉवेल घेऊन तयार बसल्या. दुपारी टॉवेलाची घडी होऊन तो कपाटात परत गेला.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी आमची शिकवणी घेतली. “लगेच हवं असेल तर ‘राइट नाऊ’. थोड्या वेळानं असेल तर ‘नाऊ-नाऊ’. आणि त्याच्याही नंतर ‘जस्ट नाऊ’.”

“त्याच्या नंतर म्हणजे किती नंतर?”

“ते कसं सांगणार?” आजोबांना माझ्या उतावळेपणाची कीव आली असावी. आपल्याकडे ‘आलो, आलो’ असं दोनदा म्हणणारा हमखास येत नाही. इथे उलट, दोनदा म्हटलं तरच आशा. या सगळ्याचा उगम आफ्रिकान्स भाषेत आहे, असं ते म्हणाले. तिथे ‘नौ-नौ’ आहे आणि ‘नेटनौ’ही. त्यातला ‘नेटनौ’ दोन्ही दिशांना चालतो: थोड्या वेळापूर्वी आणि थोड्या वेळानं.

“म्हणजे प्लंबर येऊन गेला असंही असेल!” सौभाग्यवती म्हणाल्या.

प्लंबर यथावकाश आला. ‘यथावकाश कळवण्यात येईल’ ही सरकारी पत्रातली ओळ ज्यानं लिहिली, त्याला हा शब्द एका झटक्यात कळला असता.

मिनिबस टॅक्सीत मात्र ‘जस्ट नाऊ’ला पक्का अर्थ सापडला. गाडी कधी सुटणार, याचं चालकानं दिलेलं उत्तर तेच. पण तिथे त्याचा अर्थ शेवटची सीट भरली की, असा होता. वडापमधून कराड-पाटण केलेल्या माणसाला हे समजावून द्यावं लागत नाही. टेबल माउंटनवरचा रोपवे १९२९ पासून आहे, पण वारा सुटला की तो बंद ठेवतात. पुन्हा कधी सुरू होणार, असं विचारलं तर रखवालदार आभाळाकडे बघून ‘जस्ट नाऊ’ म्हणाला. यात लबाडी नव्हती. वारा त्याच्या हाताखाली थोडाच नोकरीला होता?

आणि एकट्या आफ्रिकेलाच का बोल लावा? इंग्रजीतल्या ‘सून’चा जुना अर्थ ‘तत्काळ’ असा होता. ‘प्रेझेंटली’चा तोच, ‘अनॉन’चाही तोच. शेक्सपियरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात दारूच्या गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या हाकेसरशी ‘अनॉन’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. चारशे वर्षं असे पोरे ओ देत राहिले की शब्दाचा भरवसा उडणारच. माणसं रेंगाळतात आणि बदनाम होतात ती क्रियाविशेषणं. तरी त्यांच्यावाचून चालत नाही, कारण तोंडावर ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘जस्ट नाऊ’ केव्हाही सभ्य.

या गावात एक गोष्ट तेवढी ठरल्या क्षणी होते. सिग्नल हिलवरची तोफ १८०६ पासून दुपारच्या बाराला उडते. रविवारी आणि सणासुदीला तिला सुट्टी. बंदरातल्या जहाजांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून ही सोय झाली. आता तोफेला इशारा वेधशाळेच्या घड्याळावरून मिळतो. ऐनवेळी दगा होऊ नये म्हणून शेजारी दुसरी तोफही भरून ठेवतात. तिथल्या नौदलाच्या जवानाला मी सवयीनं विचारलं, “कधी उडणार?”

“बारा वाजता,” तो म्हणाला. केपटाऊनमध्ये आकड्यात मिळालेलं हे पहिलंच उत्तर.

तोफ कडाडली. खाली गावभर लोकांनी आपापली घड्याळं बिनचूक लावून घेतली असणार. पुढे ती कशासाठी वापरतात, हे तेवढं विचारायचं राहिलं.