मागे मगर, कानात मेव्हणा

वाहनचालकाचं लक्ष उडवण्याची बडोद्यात शतकानुशतकांची सोय आहे. सूरसागराच्या कडेने निघालात की तलावाच्या मधोमध उभे महादेव बोलावतात. त्यांना हात जोडावेत तर हँडल सुटतं. तिथून निभावलात तर न्यायमंदिराचे घुमट आणि मंगळबाजारात दुकानांबाहेर टांगलेल्या चणियाचोळ्या. उत्तरायणात अख्खं शहर आकाशाकडे बघत स्कूटर चालवतं, म्हणून मांज्यापासून गळा वाचवायला हँडलवर तारेची कमान बसवतात. पावसाळ्यात विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर येतात. २०२४ च्या पुरानंतर दोन तरुणांनी अशी एक मगर चक्क स्कूटरवरून वनखात्याकडे पोचवली. मागच्याने ती बाळंतिणीने बाळ घ्यावं तशी मांडीवर आडवी घेतली होती. साऱ्या देशाने ती चित्रफीत पाहिली. मला खात्री आहे, पुढच्याने वाटेत कुणाचाही फोन उचलला नसणार.

एवढ्या गोष्टी चालतात, तर एकट्या मोबाइलवरच राग का, असा आमच्या दांडिया बाजारातल्या काकांचा सवाल आहे. ‘शुं फेर पडे?’ हे ते गुजरातीत विचारतात. वाद जिंकायचा असला की काकांचं मराठी सुटतं. फोन ते हेल्मेटात कानाशी खोचतात आणि दोन्ही हात मोकळे असल्याचं हात सोडूनच दाखवतात. ‘तुझी काकू मागे बसून घरापासून अलकापुरीपर्यंत बोलते. तिला कुठे दंड आहे?’

मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यांनी काकूंना नीट ऐकलेलं नाही (संसार टिकला तो त्यामुळेच, असं काकू म्हणतात). मी त्यांच्या मागून स्कूटर चालवत हे पाहिलंय. वहिनीच्या पाटल्यांचा विषय ऐन रंगात आलेला असतो. मांडवीशी चारही बाजूंची वाहनं एकमेकांत शिरतात आणि काकू ‘तोळे’ या शब्दावर थांबतात. मग एकच शब्द, ‘रिक्षा!’ काका ब्रेक दाबतात, रिक्षा जाते, आणि काकू ‘तोळ्यां’पासून पुढे सुरू.

काकांच्या फोनवर असलेल्या पुण्याच्या मेव्हण्याला मांडवी दिसत नाही. सासवडच्या प्लॉटचा सातबारा समजावताना तो कशाला थांबेल? उलट रिक्षा आडवी आली म्हणून काका गप्प झाले, तर त्याला वाटतं, दाजींना हिस्सा पटला नाही. ‘हॅलो? ऐकताय ना?’ म्हणजे डोक्याची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या क्षणी काकांना ‘हो हो, ऐकतोय’ म्हणावं लागतं.

अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच पडताळलं. सिम्युलेटरवर चालकाला ठरलेल्या फाट्यावर वळायला सांगितलं. फोनवर मित्राशी बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे तो फाटा चुकले. मित्र शेजारी बसलेला असला तर मात्र बहुतेक सगळे वळले. शेजारचा मित्र रहदारी बघून बोलणं आवरतं घेत होता, फाटा आला हेही सांगत होता. त्याआधी १९९७ मध्ये टोरांटोच्या एका अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला होता आणि हात मोकळे ठेवूनही तो कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. हेल्मेटाचा पक्ष तिथेच पडला.

कायद्याचं लक्ष अजून हातावरच आहे. २०१९ मध्ये केंद्राने हातातल्या फोनसाठी हजार ते पाच हजार दंड ठेवला. गुजरातने पहिल्या गुन्ह्याला तो पाचशेवर आणला. आम्हा बडोदेकरांना यात सवलतीच्या सेलचा आनंद झाला. पण मन सासवडला गेल्याची पावती कुठला पोलीस फाडणार?

हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. काकूंनी मात्र फोन स्वतःच्या ताब्यात घेतला. आता मागे बसून भावाशी त्याच बोलतात. परवा त्या सातबाऱ्यावरच होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘थांब रे, गाय आहे.’ पुणं गप्प. मग थोड्या वेळाने पलीकडून मेव्हण्याचा अदबीने प्रश्न आला, ‘ताई, गेली का गं गाय?’