सहकुटुंब सेंद्रिय

सेंद्रियनिष्ठ कुटुंबप्रमुख जन्मतः तसा नसतो. चाळिशी उलटल्यावर, रक्ततपासणीच्या एखाद्या अहवालानंतर तो तसा होतो. पुण्यात कोथरूड, बाणेर, सिंहगड रस्ता या पट्ट्यात त्याची वस्ती दाट आहे. पहिल्या टप्प्यात तो साखर सोडून गूळ धरतो, दुसऱ्यात घाण्याचे तेल आणतो आणि तिसऱ्यात, ‘आपण खातो ते कुठून येतं हे मुलांना कळलं पाहिजे’ असे जेवताना जाहीर करून रविवारी सगळ्यांना मुळशी, भोर किंवा पुरंदर तालुक्यातल्या सेंद्रिय शेतावर नेतो. मुलांनी तसे काही विचारलेले नसते.

सहलीचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत भाजीपाला भरात असतो, पायाखाली चिखल नसतो आणि हुरडा असतो. घरच्या इतरांना शेवटचे कारण पुरेसे असते. कुटुंबप्रमुख मात्र हुरड्याचा विषय ‘आणि हो, तिथे बहुतेक...’ असा सर्वांत शेवटी काढतो. बरोबर टोप्या, कापडी पिशव्या आणि अंगावर मारायचा डासांचा फवारा घेतात. त्या फवाऱ्यात काय काय आहे, हे कोणी वाचत नाही.

शेतावर उतरल्यावर तो खोल श्वास घेतो, इतरांनाही घ्यायला लावतो आणि चौकशीला लागतो. शेतकऱ्याला तो ‘दादा’ म्हणतो, मग दादा सत्तरीचे का असेनात. ‘पूर्ण सेंद्रिय ना?’ हा पहिला प्रश्न. याला ‘नाही’ असे उत्तर कोणी देईल ही शक्यता कमीच. दुसरा प्रश्न सर्टिफिकेटचा, आणि इथे तो वाचून आलेला असतो: राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 पासून आहे, रसायने सोडल्यावर हंगामी पिकांना दोन आणि फळबागेला तीन वर्षे थांबावे लागते, वगैरे. शेतकरी सांगतो, आमचे प्रमाणपत्र गटाचे आहे; गटातले शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. सहभागी हमीची ही पद्धत सरकारमान्य आहे, पण कुटुंबप्रमुख थबकतो. त्याच्या सोसायटीत शेजाऱ्याशेजाऱ्यांचे पार्किंगवर एकमत होत नाही. तिथे शेजारी शेजाऱ्याला नापास करील हे त्याच्या गळी उतरत नाही. (गावात कोणी रात्री औषध मारले तर सकाळी चहाच्या टपरीवर ते सर्वांना ठाऊक असते. वास बांध मानत नाही.) शेवटी तो कागद सोडून विचारतो, ‘तुम्ही घरी हेच खाता ना?’ शेतकरी म्हणतो, ‘हेच की.’ झाले, प्रमाणीकरण पूर्ण. सेंद्रिय भाजी पुण्यातही मिळते. पन्नास किलोमीटर गाडी हाकून तो आलेला असतो ते या ‘हेच की’साठी, आणि त्यात त्याचे फारसे चुकते असेही नाही.

शेतफेरीत सर्वाधिक वेळ जीवामृताच्या पिंपापाशी जातो. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून हे मिश्रण आंबवतात, रोज काठीने ढवळतात. एवढे एका एकराला पुरते. मुलगी नाक दाबते. कुटुंबप्रमुख पिंपावर वाकून, डोळे मिटून वास घेतो आणि ‘जिवाणू आहेत यात, जिवाणू!’ असे तिला सांगतो. घरच्या ओल्या कचऱ्याची बादली मात्र ‘अहो, नेता का खाली?’ असे तीनदा म्हटल्याशिवाय हलत नाही. पत्नी विचारते, ‘बेसन हरभऱ्याचंच लागतं का हो, दादा?’ या फेरीतला हा पहिला कामाचा प्रश्न असल्याने शेतकरी खुलतो. तूर, मूग, उडीद, कोणत्याही डाळीचे पीठ चालते, असे तो सांगतो, आणि पुढची दहा मिनिटे तिच्याशीच बोलतो.

पलीकडे गांडूळखताचा वाफा असतो. जीवामृताचा प्रसार करणारे विदर्भातले सुभाष पाळेकर यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा गांडूळखताला विरोध आहे आणि नैसर्गिक शेती म्हणजे सेंद्रिय शेती नव्हे, असे ते बजावतात. कुटुंबप्रमुख पिंप आणि वाफा दोन्हींपुढे सारख्याच भक्तिभावाने फोटो काढून घेतो. शेतकऱ्यालाही दोन्ही चालते. त्याला पीक काढायचे असते.

अशा कुटुंबात बहुधा एक आजोबा असतात. त्यांची पंचविशी 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे गावी गेलेली असते. युरियाचे पहिले पोते दारात आले तेव्हा आजींनी त्याला हळदकुंकू वाहिले होते. संकरित ज्वारीच्या भाकरीला चव नाही म्हणून त्याच आजी वर्षभर कुरकुरल्या, पण कणगी पहिल्यांदाच काठोकाठ भरली, हेही घरात सांगितले जाते. ‘पूर्वी सगळं सेंद्रियच होतं,’ असे मुलगा नातवंडांना समजावतो तेव्हा आजोबा मान डोलावतात. फारच खोदले तर म्हणतात, ‘होतं ना. पुरत नव्हतं. मग रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो खायचो.’ नातवाला मिलो हा पिझ्झ्याचा प्रकार वाटतो.

गावाकडची दोन एकर जमीन आता चुलतभावाकडे वाट्याने असते. तिथून दर उन्हाळ्यात गव्हाची पोती येतात. तो ‘घरचा गहू’. त्याला प्रमाणपत्र लागत नाही, आणि त्यावर काय मारले हे भावाला कोणी विचारत नाही. आजोबा वांग्याच्या वाफ्याशी उभे राहून सहज सुचवतात, ‘आपल्या अण्णाला सांगून बघ की असं करायला.’ कुटुंबप्रमुख तत्काळ म्हणतो, ‘छे! उत्पन्न पडतं त्यात. त्याला कसं परवडेल?’ सेंद्रिय शेतकरी हे ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

खरेदीच्या वेळी कुटुंबप्रमुख सिद्धान्त मांडतो: भाजीला अळी लागली म्हणजे विष नाही. (फ्लॉवर-कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग बऱ्याच औषधांना दाद देत नाही, त्यामुळे हा दाखला तितकासा पक्का नाही.) सिद्धान्त मांडता मांडता तो अळीचा गड्डा बाजूला ठेवतो आणि ढिगाच्या तळातून पांढराशुभ्र शोधून काढतो. भावात घासाघीस करणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. ते काम पत्नी करते: ‘हमाली नाही, अडत नाही, तरी भाव तोच?’ मुद्दा बिनतोड असल्याने कढीपत्त्याची एक जुडी फुकट मिळते.

हुरड्याच्या आगटीभोवती मात्र तत्त्वज्ञान थांबते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले गरम कणीस तळव्यावर चोळून, फुंकर घालून कुसे उडवायचे आणि दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे, हे फक्त आजोबांना जमते. बाकीचे हात पुढे करून बसतात.

परतण्यापूर्वी कुटुंबप्रमुख आठवड्याच्या भाजीच्या टोपलीसाठी शेताच्या व्हॉट्सॲप गटात नाव घालतो. टोपलीत काय येईल हे शेत ठरवते. पहिल्या आठवड्यात चाकवत आणि मुळा येतो, दुसऱ्यात मुळा आणि माठ, तिसऱ्यात मुळा. पत्नी चौथी टोपली बंद करते आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून आणलेली भाजी पूर्ववत मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवू लागते. कुटुंबप्रमुख गटातून बाहेर पडत नाही. शेतावरच्या प्रत्येक फोटोला तो अंगठा देतो, ऑफिसात त्या शेताची शिफारस करतो आणि तिथला रस्ता समजावताना ‘आपलं शेत’ असे म्हणतो.