एक मिनिट घेऊ का?

मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या मुलाखतीची तयारी उमेदवार एकटा करत नाही, अख्खं घर करतं. सरावाला 'केस पार्टनर' लागतो, आणि वर्गातले मित्र दमले की मामा सापडतो. भाच्याच्या कृपेने मी सध्या रोज रात्री जेवणानंतर एका सिमेंट कंपनीचा सीईओ असतो आणि माझा नफा घटलेला असतो. एवढ्या अधिकारावर पुढील मार्गदर्शन करत आहे.

पोशाख : इस्त्रीचा. पुढे चला.

केस : अमुक कंपनीचा नफा घसरलाय, कारण शोधा, असं सांगतात. लगेच उत्तर देऊ नये. हे जड जातं, कारण आपल्याकडे प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची पद्धत आहे. 'एक मिनिट घेऊ का?' असं नम्रपणे विचारावं, कागद आडवा धरावा आणि नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, हे आत्ताच सुचल्यासारखं लिहावं. उत्पन्नाचे दोन फाटे, भाव आणि खप. खर्चाचेही दोन, ठरलेला आणि मालाबरोबर वाढणारा. मग तोंड उघडून आकडे मागावेत. कोळसा महागला का? ट्रकभाडं वाढलं का? की सगळ्याच सिमेंटवाल्यांचं हेच रडगाणं आहे? हा शेवटचा प्रश्न आधी विचारला तर निम्मं काम वाचतं. भाचा तो रोज विसरतो आणि मी सीईओ असल्यामुळे मला सांगता येत नाही.

मांडणी 'मीसी' हवी. मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांनी हा मंत्र रूढ केला : भाग एकमेकांत घुसू नयेत आणि काही सुटू नये. गावाकडच्या जमिनीची वाटणी पाहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही. बांध दोघांच्या हिश्शात लागला आणि विहीर कुणाच्याच नाही, की पुढची पिढी कोर्टात.

पाठ केलेले साचे : उद्योगातली स्पर्धा जोखायच्या मायकेल पोर्टर यांच्या 'पाच शक्ती' 1979 सालच्या आहेत. समोरच्यालाही त्या पाठ असतात.

अंदाजाचं गणित : मुंबईत रोज किती वडापाव खपतात? 2011च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. हिशेबाला सोपे म्हणून 1 कोटी 20 लाख धरा. चारातला एक जण रोज एक खातो म्हटलं, तर 30 लाख. आता उलटून तपासा : एका गाडीवर 300 खपत असतील, तर 10 हजार गाड्या लागतील. इतक्या असतील का? हे स्वतःला मोठ्याने विचारणं म्हणजेच परीक्षा; खरा आकडा विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतो. भाच्याने हे झकास सोडवलं. नंतर ताईने विचारलं, 'आपण सहाजण, किती वडे आणू?' तर म्हणाला, 'आधी काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ.'

स्वतःविषयी : गणपती मंडळाची वर्गणी गोळा केली असेल, तर ते नेतृत्व होय. पण एकच प्रसंग धरून समोरचा खणत जातो. खजिनदार नाही म्हणाला तेव्हा तू नेमकं काय बोललास? मग तो काय म्हणाला? इथे 'आम्ही ठरवलं' चालत नाही, 'मी' लागतो. घरात लहानपणापासून 'मी-मी करू नकोस' ऐकलेली पोरं इथेच गळपटतात. मला त्यांची दया येते.

कन्सल्टिंगच का? पगार, हे उत्तर खरं असतं. देऊ नये.

शिफारस : शेवटी उत्तर आधी सांगावं, कारणं मागून, धोका त्याच्यामागून. 'भाव वाढवू नका, भट्टीचा खर्च कापा, कारण...' एवढी एक सवय नोकरी मिळो न मिळो, जन्मभर उपयोगी पडते. भाच्याला ती लागलीय, हे मी त्याच्या तोंडावर कबूल करणार नाही.

घरात असा उमेदवार असणाऱ्यांना एकच विनंती : निकाल लागेपर्यंत त्याला 'भाजी कशी झालीय?' असं विचारू नका. तीन मुद्दे येतात, आणि तिसऱ्यापर्यंत पोळी गार होते.